आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

*"माझ्याकडे २०११ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ब्याण्णव हजार किलोमीटर चाललेली. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. गेल्या महिन्यात आम्ही पाच जण सामानासकट लोणावळ्याहून जुन्या रस्त्याने परत येत होतो. पाऊस होता. घाट निम्मा उतरलो तोच जळका वास यायला लागला आणि ब्रेकचं पेडल मऊ पडत पडत जवळजवळ खाली टेकलं. कसंबसं खोपोली गाठलं, चहाला अर्धा तास थांबलो, तर ब्रेक पुन्हा ठीक! तेव्हापासून धास्ती बसली आहे. ऑफिसातल्या मित्राच्या नव्या गाडीला चारही चाकांना डिस्क आहेत. तो म्हणतो, ड्रम म्हणजे जुनाट प्रकार. कुर्ल्याच्या एका गॅरेजवाल्याने अपघात झालेल्या गाडीचा मागचा डिस्क सेट एका दिवसात बावीस हजारांत बसवून देतो म्हणून सांगितलं. दोन हजार बयाणा दिला आहे. बायको म्हणते, त्यापेक्षा गाडीच विका. ब्रेक ऑइल कमी झालं की मी स्वतः भरतो, हँडब्रेक जरा जास्त ओढावा लागतो, बाकी गाडीला काही नाही. काय करू?" – प्र. सा., मुलुंड*

प्रिय प्र. सा.,

उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. मागचे ड्रम काढू नका. घाटात जे झालं त्यात मागच्या ड्रमचा थोडा हात आहे, पण तुम्हाला वाटतो तसा नाही, आणि डिस्क बसवून तो दोष जाणारही नाही. गाडी न बघता पत्रावरून निदान करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, हे मला कळतं. पण तुम्ही लक्षणं इतकी नेमकी लिहिली आहेत की निम्मं काम तुम्हीच करून ठेवलंय.

त्यातलं सर्वांत मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत. ऑइल कमी झालं की भरतो, हँडब्रेक जास्त ओढावा लागतो, बाकी काही नाही. अहो, त्या 'बाकी'च्या अलीकडेच सगळं आलं!

आधी घाटाचं बघू. लोणावळ्यापासून खोपोलीपर्यंत तुम्ही सुमारे पाचशे मीटर खाली उतरता. गाडी, पाच माणसं आणि सामान मिळून साडेतेराशे किलो धरा. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली आणताना जी ऊर्जा सुटते ती कुठेतरी जिरायला हवी. इंजिनाने ती घेतली नाही, तर थोडीफार वारा आणि टायर खातात आणि बाकी सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन बसते. कागदावर मांडलं तर ताशी ८० किलोमीटरच्या वेगातून गाडी पूर्ण थांबवायची, असं लागोपाठ वीस वेळा केल्यावर जेवढी उष्णता होईल तेवढी ही ऊर्जा भरते. मधे गार व्हायला उसंत नाही. कुठल्या गिअरमध्ये उतरलात ते तुम्ही लिहिलेलं नाही. चौथ्यात, आणि पाय सतत ब्रेकवर, असा माझा अंदाज आहे. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरला असाल तर ते बायकोला सांगू नका, पण पुन्हा करूही नका.

ही उष्णता प्रामुख्याने पुढच्या डिस्कमध्ये जाते, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या त्या चकतीत, जिला कॅलिपर नावाचा चिमटा दोन्ही बाजूंनी पॅड दाबून धरतो. ती पॅडमधून कॅलिपरच्या पिस्टनला पोचते आणि पिस्टनच्या पाठीशी, पेडलचा दाब चाकापर्यंत नेणारं जे ब्रेक ऑइल भरलेलं असतं त्याला. आता इथे दोन वेगवेगळे प्रकार होऊ शकतात आणि पायाला ते वेगवेगळे कळतात. नुसते पॅड अति तापले तर पेडल कडकच राहतं, फक्त दाबूनही गाडी थांबत नाही. ऑइल उकळलं तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पाय नुसताच खाली जातो. तुमचं पेडल खाली गेलं. वास पॅडचा होता, पण पाय खाली नेला तो वाफेने. खोपोलीत चहा होईपर्यंत सगळं गार झालं, वाफेचं परत ऑइल झालं आणि ब्रेक 'ठीक' झाला. तो ठीक झालेला नाही. पुढच्या घाटाची वाट बघतोय.

ऑइल उकळलं का, तर ते जुनं होतं म्हणून. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, रबरी नळ्यांतून आणि टाकीच्या झाकणातूनसुद्धा. डॉट ३ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषलेल्यासाठी मानकातली किमान मर्यादा १४० अंश आहे. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. म्हणजे मुरलेल्या ऑइलची पासष्ट ते पंच्याहत्तर अंशांची ताकद गेलेली असते. म्हणूनच दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलायचं असतं, आणि मुंबईच्या दमट हवेत या बाबतीत चालढकल नको. तुम्ही 'भरत' आलात. वरून भरल्याने टाकीतलं ऑइल तेवढं ताजं दिसतं. कॅलिपरमधलं, म्हणजे जिथे खरा जाळ असतो तिथलं, वर्षानुवर्षं तेच राहतं.

शिवाय ऑइल कमी का होत होतं, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारलाच नाहीत. ते काही पेट्रोलसारखं जळत नाही. पॅड झिजले की कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकतात, त्यांच्यामागची जागा भरायला टाकीतलं ऑइल खाली जातं. ही उतरती पातळी म्हणजे पॅड संपत आल्याची सूचना असते, आणि वरून भरलं की ती सूचना पुसली जाते. पॅड जाड असूनही पातळी उतरत असेल तर मात्र कुठेतरी गळती आहे. तुमच्या वयाच्या गाडीत पहिला संशय मागच्या व्हील सिलिंडरवर, म्हणजे ऑइलच्या दाबाने ड्रमच्या आत ब्रेक लावणाऱ्या नळकांडीवर. हे दोन्ही नव्याने डिस्क बसवून कसं सुटणार होतं?

आता हँडब्रेक. तो बराच वर येतोय याचा अर्थ बहुधा मागचे ब्रेक शू, म्हणजे फिरत्या ड्रमला आतून दाबून धरणाऱ्या दोन पट्ट्या, ड्रमपासून लांब राहिले आहेत. केबलही ताणलेली असू शकते, पण गॅरेजात नेमकं उलटं करतात: शू तसेच ठेवून केबलच आवळून देतात. हँडब्रेक दोन दिवस छान लागतो आणि मूळ दुखणं तसंच. शू आणि ड्रममध्ये फट जास्त असली की पाय दाबल्यावर पहिलं ऑइल ती फट भरण्यातच खर्ची पडतं. तोवर पुढच्या पॅडलाही पुरता दाब मिळत नाही. म्हणजे तुमच्या पेडलचा बराचसा प्रवास मागच्या ढिल्या शूंनी आधीच खाल्लेला होता. उरला होता तो घाटात वाफेने खाल्ला आणि पाय खाली टेकला. ड्रमचा हात म्हणालो तो एवढाच. ते ड्रम आहेत हा त्यांचा गुन्हा नाही. त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही, हा आहे.

तुमच्या मित्राचं म्हणणं अगदीच खोटं नाही. डिस्क लवकर गार होते, पाण्यातून बाहेर आल्यावर चाक दोन-चार फेरे फिरलं की पुसली जाते. मिलन सबवेतून किंवा हिंदमात्याच्या पाण्यातून गाडी काढली की ड्रमच्या पोटात पाणी राहतं आणि हलका ब्रेक दाबत थोडं अंतर चालवल्याशिवाय मागचा ब्रेक नीट धरत नाही. हे सगळं खरं. पण म्हणून ड्रम जुनाट? फोक्सवॅगनच्या आयडी ३ आणि आयडी ४ या विजेच्या गाड्यांना मागे ड्रमच आहेत, आणि ते काही गरिबीपोटी बसवलेले नाहीत. विजेच्या गाडीत मागच्या ब्रेकला काम कमी. कमी काम असलेली डिस्क गंजते, ड्रम आत झाकलेला असतो तो कमी गंजतो. हाच हिशेब आठवड्यातून एकदा बाहेर पडणाऱ्या मुंबईतल्या गाडीलाही लागू पडतो. आणि जुन्याच गोष्टी काढायच्या तर ऑक्टोबर २०२३पर्यंत या शहरात धावलेल्या पद्मिनी टॅक्सीला चारही चाकांना ड्रम होते. ब्रेक मारताना टॅक्सीवाला पेडलवर जवळजवळ उभाच राहायचा, तो भाग वेगळा.

पण या डिस्क-ड्रमच्या वादात एक गोष्ट राहून जाते, आणि माझा तुमच्या बेताला विरोध आहे तो तिच्यामुळे. गाडीचा ब्रेक म्हणजे चार सुटे ब्रेक नव्हेत. पुढच्या आणि मागच्या ब्रेकमध्ये एक वाटणी ठरलेली असते, आणि ती कंपनीने त्या गाडीचं वजन, उंची, लांबी बघून ठरवलेली असते.

एक साधं गणित करू. धरा, तुमची गाडी रिकामी १,००० किलोची, उभी असताना पुढच्या चाकांवर ६०० आणि मागच्या चाकांवर ४००. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.४ मीटर. कोरड्या रस्त्यावर तुम्ही पाय जोरात मारला. अशा वेळी गाडीचा वेग गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट दराने उतरतो. गाडी नाक खाली घालते, आणि मागचा जवळजवळ १८३ किलो भार पुढे जातो. आता पुढे ७८३, मागे २१७. म्हणजे ज्या क्षणी ब्रेकची सगळ्यात जास्त गरज असते, त्या क्षणी मागच्या चाकांवर गाडीचा जेमतेम पाचवा हिस्सा उरलेला असतो. उतारावर याहून कमी. एवढ्याशा भारावर टायर जेवढी पकड देईल तेवढाच ब्रेक मागे कामाचा. त्यापुढे कितीही भारी डिस्क लावा, चाक लॉक होणार, म्हणजे फिरायचं थांबून नुसतं घसरणार.

आणि मागचं चाक पुढच्याच्या आधी लॉक होणं ही ब्रेकच्या जगातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे. पुढची चाकं आधी लॉक झाली तर स्टिअरिंग जातं, पण गाडी सरळ घसरत राहते. पाय उचलला की परत ताब्यात येते. मागची आधी लॉक झाली की त्यांची आडवी पकड जाते, आणि गाडीचा मागचा भाग पुढच्याला ओलांडून पुढे जायला बघतो. पहिल्या पावसात पूर्व द्रुतगती मार्गावर, उन्हाळाभर सांडलेलं ऑइल वर आलेलं असताना, ऐरोलीच्या वळणावर पुढचा रिक्षावाला एकदम थांबला, असं डोळ्यांपुढे आणा. एबीएस, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, असलेली गाडी हे सावरून घेते. तुमच्या गाडीत ते नाही. तुमच्या बाजूने आहे ती फक्त कंपनीने ठरवलेली वाटणी, आणि तीच तुम्ही बावीस हजार देऊन मोडायला निघालात.

'पण डिस्कने मागचा ब्रेक वाढेलच कशावरून?' असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे. वाढेल किंवा कमीही होईल, आणि नेमकं तेच त्या गॅरेजवाल्याला माहीत नाही. ड्रममध्ये एक अंगभूत चलाखी असते. चाक पुढे फिरत असताना दोनपैकी एक शू ड्रमच्या फिरण्यानेच त्याच्यावर आणखी दाबला जातो आणि स्वतःचा जोर स्वतःच वाढवतो. त्यामुळे ड्रमला लहान व्हील सिलिंडर पुरतो. डिस्कला ही मदत नसते. पॅड जेवढे दाबाल तेवढेच धरतात, म्हणून कॅलिपरचा पिस्टन मोठा लागतो. समजा सिलिंडर १८ मिलिमीटरचा होता आणि नव्या कॅलिपरचा पिस्टन ३४चा आहे; क्षेत्रफळ साडेतीन पट झालं. तेवढ्या पिस्टनला ढकलायला ऑइलही जास्त लागतं, आणि ते पुरवणारा मास्टर सिलिंडर जुनाच. पेडलचा प्रवास वाढू शकतो, म्हणजे ज्या तक्रारीसाठी खटाटोप केला तीच तक्रार कायमची गळ्यात. काही जुन्या मास्टर सिलिंडरांत ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब मुद्दाम धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर डिस्कचे पॅड सुटतच नाहीत, सतत घासत राहतात. मागच्या ब्रेकचा दाब एका मर्यादेनंतर रोखणारा व्हॉल्व्ह वेगळाच; काही गाड्यांत तो मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला असतो आणि भार बघून दाब सोडतो. तो ड्रमच्या हिशेबाने बसवलेला आहे. हे सगळं जुळवायचं म्हणजे मोजमाप आणि मोकळ्या जागेत पुन्हा पुन्हा चाचण्या. गॅरेजच्या गल्लीत ताशी तीसने चक्कर मारून 'लागतोय ना ब्रेक?' म्हणणं ही चाचणी नव्हे.

हँडब्रेकचाही विचार करा. डिस्कवरचा हँडब्रेक दोन प्रकारचा असतो: कॅलिपरमध्येच यंत्रणा, किंवा डिस्कच्या पोटात छोटा वेगळा ड्रम. अपघातातल्या गाडीचा सेट काढताना केबल, तिची लांबी, तिचा कोन, हे सगळं सोबत येत नाही. मग जुन्या केबलला जोड देऊन भागवलं जातं. तापलेली डिस्क गार झाली की किंचित आक्रसते आणि कॅलिपरवाला हँडब्रेक ढिला पडू शकतो. घाट उतरून आलात, सोसायटीच्या उतारावर गाडी लावलीत, जेवायला वर गेलात, आणि मग? मुलुंडला टेकडीच्या बाजूला राहत असाल तर हे वाक्य दोनदा वाचा. शिवाय चौदा इंची रिममध्ये तो कॅलिपर मावतो का, चाक बाहेर तर येत नाही ना, हे प्रश्न आहेतच. आणि अपघातातली गाडी म्हणजे नेमका कुठून धक्का बसला होता? मागून बसला असेल तर तो हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, सरळ आहे हे कोण सांगणार?

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाउसच्या बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांवर माझा राग नाही. दाराचं हँडल, आरसा, दिव्याची काच, सीट, खुशाल आणा. ब्रेक जुना आणू नये.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८चं कलम ५२ असं सांगतं की आरसीतला तपशील आणि निर्मात्याने मुळात ठरवलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये याच कलमावर बोट ठेवून आधीची सैल वाट बंद केली. 'आरसीवर ब्रेकचा प्रकार कुठे लिहिलेला असतो?' हा युक्तिवाद गॅरेजात चालतो. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो तेव्हा तो चालेल याची खात्री मी देणार नाही, कारण केलेले बदल विमा कंपनीला कळवायचे असतात. शिवाय तुमची गाडी पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर आहे. पुनर्नोंदणीसाठी ती परिवहन कार्यालयात तपासणीला न्यायचीच आहे. तिथे वेगळ्याच गाडीचे ब्रेक घेऊन जाण्यात काय हशील?

एक सूट मात्र देतो. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनीने मागे डिस्क दिली असेल, आणि तिचा मास्टर सिलिंडर, व्हॉल्व्ह, हब, केबल, सगळं नवं आणि एकत्र मिळत असेल, तर ती गोष्ट वेगळी. त्या वाटणीचा हिशेब निदान कुणीतरी केलेला आहे. पण त्याचा खर्च काढाल तेव्हा नाकापेक्षा मोती जड होईल, कारण अशा वयाच्या गाडीची बाजारातली किंमत तुम्हाला ठाऊक आहेच. आणि परवानगीचा प्रश्न तरीही उरतोच.

मग करायचं काय? सकाळी लवकर, घाईची वेळ नसताना, ब्रेकचं काम नीट करणाऱ्या गॅरेजात गाडी न्या आणि काम होईपर्यंत तिथेच थांबा. पुढचे पॅड काढून जाडी बघायला सांगा. अति तापलेल्या पॅडचा पृष्ठभाग चकचकीत, कडा भुरकट आणि भेगाळलेल्या दिसतात. तसे असतील तर घासून परत बसवू देऊ नका, जोडी बदला. डिस्कवर निळे डाग किंवा बोटाला लागणारी धार आहे का तेही बघा. कॅलिपरच्या पिना हाताने आतबाहेर सरकल्या पाहिजेत. एक जरी पिन गंजून अडकली तर पॅड सतत चिकटून राहतो, आणि तुमच्या घाटातल्या जाळाला हेही कारण असू शकतं.

मग मागे. ड्रम सहसा ओढून निघत नाही. पुष्कळ ड्रमना दोन आट्यांची भोकं असतात. त्यांत दोन बोल्ट सारखे सारखे आवळत गेलं की ड्रम आपोआप बाहेर सरकतो. हातोडीने ठोकणारा दिसला तर थांबवा. ड्रम निघाला की आत काळी भुकटी असेल. ती हवेच्या पाइपने उडवू देऊ नका. जुन्या किंवा हलक्या दर्जाच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ तुमच्या नि गॅरेजातल्या पोराच्या छातीत जाते. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने धुवायला सांगा. आता व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांची रबरी टोपी नखाने जराशी उचलून बघा. आत कोरडं असेल तर उत्तम. ओलं असेल तर तुमचं 'कमी होणारं' ऑइल सापडलं. मग सिलिंडर बदला, आणि ऑइल लागलेले शूही. ते धुऊन परत वापरता येत नाहीत. ड्रमच्या आतल्या कडेला उंचवटा आला असेल तर लेथवर दोन्ही ड्रम एकदम सारखे करून घ्या, पण ड्रमवरच ओतलेला जास्तीत जास्त व्यासाचा आकडा ओलांडला जाणार नाही हे बघून. शेवटी शू आणि ड्रममधली फट ठरवणारा ॲडजस्टर मोकळा आहे ना ते तपासून शू जवळ आणायचे. चाक हाताने फिरवल्यावर अगदी हलकंसं घासल्याचा आवाज आला पाहिजे, अडकता कामा नये. हे सगळं झाल्यानंतरच हँडब्रेकच्या केबलला हात लावायचा, आधी नाही. किती टिचक्यांवर तो लागावा हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

सगळं बसवून झालं की ऑइल. टाकीच्या झाकणावर दर्जा लिहिलेला असतो. सीलबंद बाटली तुमच्यासमोर फोडायला लावा. फोडून ठेवलेली बाटली पावसाळ्यात महिनाभर फळीवर राहिली म्हणजे तिच्यातलं ऑइलही तुमच्या गाडीतल्यासारखंच. डॉट ३ची गाडी असेल तर डॉट ४ चालतं, डॉट ५ मात्र घालू नका, ते सिलिकॉनचं असतं. चारही चाकांतून पारदर्शक नळी लावून जुनं ऑइल बाहेर काढायचं, रंग चहासारखा गडद असतो तो फिकट होईपर्यंत, आणि मधे टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर हवा शिरते.

घरी निघण्याआधी दोन गोष्टी करा. इंजिन सुरू ठेवून पेडल दाबून धरा. ते पायाखाली हळूहळू खाली जात राहिलं आणि बाहेर कुठेही गळती दिसली नाही, तर मास्टर सिलिंडर आतून गळतोय. मग इंजिन बंद करून चार-पाच वेळा पेडल मारा, कडक झालं की पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली बसलं तर पायाचा जोर वाढवणारा बूस्टर ठीक. नव्या पॅडवर पहिले काही दिवस जोराचे ब्रेक टाळा, पृष्ठभाग बसायला वेळ लागतो.

हे सगळं करूनही तुमच्या बावीस हजारांतले बरेच पैसे उरण्याची शक्यता आहे. टायर जुने असतील तर ते त्यात घाला. टायर कधी बनला ते सांगणारा चार अंकी शिक्का त्याच्या बाजूवर असतो: पहिले दोन अंक आठवडा, शेवटचे दोन वर्ष. एबीएस नसलेल्या गाडीला चांगला टायर हाच खरा मोठा ब्रेक.

पुढच्या वेळी घाट उतरताना, ज्या गिअरमध्ये तो चढला असतात त्याच्याच आसपास राहा, दुसरा किंवा तिसरा. इंजिन ओरडलं तर ओरडू द्या, ते त्याचं काम करतंय. ब्रेकवर पाय नुसता टेकवून ठेवायचा नाही. ठाम दाबा, वेग उतरवा, पाय पूर्ण उचला. जिथे २०२०पर्यंत अमृतांजन पूल उभा होता, तिथला उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली आलेला असू द्या, उतारात शिरल्यावर शोधत बसू नका. मागचा ट्रक हॉर्न वाजवेल. वाजवू दे.

वहिनींचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. पुनर्नोंदणीचं शुल्क, पर्यावरण कर, सस्पेन्शनची पुढची कामं असं सगळं एका कागदावर मांडा आणि मगच विकायची की ठेवायची ते ठरवा. तो निर्णय ब्रेकच्या भीतीने घेऊ नका. आणि विकलीत तरी ब्रेक दुरुस्त करूनच विका. घेणाराही कधीतरी सहकुटुंब लोणावळ्याला जाईल.

राहता राहिला बयाणा. गॅरेजवाल्याला आजच फोन करून सांगा की सेट बसवायचा नाही, म्हणजे तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्यायला मोकळा. पैसे परत दिले तर उत्तम. कुरकुर केली तर त्या दोन हजारांत नवे पुढचे पॅड आणि ऑइलची सीलबंद बाटली मागा, बिलासकट. बसवून मात्र दुसरीकडे घ्या.